थायमिनचं टेंगूळ

मिस्त्रींच्या घरात टोकदार असं काही नव्हतं. टेबल, कपाट, पलंग, खुर्च्या, दारांच्या चौकटी, ज्याला ज्याला म्हणून लाकूड म्हणता येईल त्याच्या सगळ्या कडा त्यांनी कानशीनं घासून आणि वर पॉलिश पेपर फिरवून गोल करून टाकल्या होत्या. नवखा माणूस आला की त्याला वाटायचं, या घरातलं सामान हळूहळू वितळतंय की काय. बायको होती तोवर म्हणायची, "आता मलाही एकदा घासून घ्या, माझं कोपर फार टोचतं." ती गेली, घासण्यासारखं काही उरलं नाही, तरी मिस्त्रींचा हात काही थांबला नाही.

हे सगळं बबीसाठी. बबी लहान असताना डोळ्यांच्या आजारात तिची नजर गेली, आणि त्या दिवसापासून मिस्त्रींनी जगाशी उभा दावा मांडला. जग टोकदार, तर हे कानस घेऊन त्याच्या मागे. बबी मोठी झाली, जीवशास्त्र घेऊन पदवीधर झाली, केसात एखाददुसरा पांढरा दिसायला लागला, तरी बापाच्या लेखी ती चौकटीवर डोकं आपटून टेंगूळ आणणारी पोरच राहिली. बबीला काय हवं ते बबीपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असा मिस्त्रींचा ठाम समज होता. माणूस लाखातला, पण हे एक खूळ होतं खरं.

बबी अंध मुलांच्या शाळेत नोकरीला होती. काम काय, तर आलेले फोन घ्यायचे आणि ब्रेलची पुस्तकं कपाटात जागच्या जागी लावायची. एवढं शिकून फोन! तिला ते सलायचं. यंदा विज्ञानाच्या जुन्या बाई निवृत्त झाल्या, आणि बबीनं मुख्याध्यापिकांसमोर, म्हणजे मोठ्या बाईंसमोर, उभं राहून सांगितलं की मोठ्या वर्गाचं विज्ञान मला द्या. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, सावध होत्या. आकृत्या, रंग, सूक्ष्मदर्शक असल्या विषयात न दिसणाऱ्या बाईंनी न दिसणाऱ्या मुलांना काय शिकवायचं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो काही अगदीच वेड्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, "एक तास घेऊन दाखव. विषय तू निवड, पण अवघड निवड. मी मागच्या बाकावर बसेन." तास जमला तर वर्ग बबीचा. फसला तर फोन होताच.

बबीनं विषय निवडला डीएनए आणि आरएनए यांच्यातला फरक.

"ते काय असतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"शिडी असते बाबा. आपल्या प्रत्येक पेशीत, लांबलचक, पीळ दिलेली. तिची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. तुकडे चारच जातींचे. ॲडेनिन आणि ग्वानिन मोठे, सायटोसिन आणि थायमिन छोटे. मोठ्यासमोर छोटाच बसतो. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. दुसरी जोडी जमत नाही."

"बरं आहे. भानगडी नाहीत."

"ती झाली डीएनए. आणि आरएनए म्हणजे त्या शिडीतल्या थोड्याशा भागाची उतरवून घेतलेली नक्कल, एकेरी. तिच्यात बाकीचे तिघं तेच, फक्त थायमिन नसतो. त्याच्या जागी यूरॅसिल असतो. म्हणजे मला एकूण पाच जातींचे तुकडे लागतील, लाकडाचे. मुलांना बोटांनी ओळखता आले पाहिजेत." तिनं मातीचे पाच नमुने एकेक करून त्यांच्या हातावर ठेवले. स्वतः घडवून, उन्हात वाळवून ठेवले होते. "नीट बघून करा. काही अडलं तर विचारा."

"हो हो. अडतंय कसलं!" मिस्त्री म्हणाले. 'हो हो' हे त्यांचं ठेवणीतलं उत्तर होतं. त्याचा अर्थ, ऐकलं नाही तरी मी बघून घेईन.

घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली त्यांचं कामाचं टेबल होतं. तिथं त्यांनी नमुने ओळीनं मांडले आणि आधी नुसतेच बघत बसले. पोरीच्या हाताचं कौतुक वाटत होतं. दोन मोठे, एकाला जोडायला दोन भोकं, दुसऱ्याला तीन. छोट्यांपैकी एकाला तीन खुंट्या, त्यातली वरची खुंटी ओढली की बाहेर येणारी. वा! मग उरले दोन छोटे. दोघांना दोन-दोन खुंट्या. मिस्त्रींनी एकावर दुसरा ठेवून पाहिला. लांबी तीच, रुंदी तीच, खुंट्यांची जागासुद्धा तीच. फरक एवढाच, की एकाच्या कडेला मातीची एक बारकी गोळी चिकटलेली होती.

त्यांना वाटलं, पोरीनं चुकून एकच तुकडा दोनदा घडवला, आणि वर ओल्या मातीचा गोळा चिकटून राहिला तोही तिला समजला नाही. दिसत नाही बिचारीला. आता हे तिला सांगायचं म्हणजे आधीच धास्तावलेल्या पोरीच्या मनाला आणखी एक ओरखडा. त्यापेक्षा सांगायचंच कशाला? त्यांनी नखानं ती गोळी उडवली, भुशात कुठंतरी पडली, आणि त्या एका जातीचे तुकडे दुप्पट करायचं ठरवून करवत हातात घेतली.

काम मात्र असं केलं म्हणता! लाकूड निवडून आणलं, मऊ आणि पांढरट. प्रत्येक तुकड्यावर आधी जाडा पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पॉलिशचा हात. बोट फिरवलं तर बोट घसरून खाली यावं. बबी रोज विचारायची, "बघू का?" आणि मिस्त्री रोज सांगायचे, "पॉलिश वाळल्याशिवाय हात लावायचा नाही." हा त्यांचा धंद्यातला नियम होता, आणि गिऱ्हाईक पोटची मुलगी असली तरी नियम तो नियम. शेवटचा हात सुकला तो तासाच्या आदल्या रात्री, बबी झोपल्यावर.

सकाळी त्यांनी सगळे तुकडे कापडी पिशवीत भरून टेबलावर ठेवले आणि समोर बसले. आता पोरगी खूश होणार, ते बघायचं होतं. बबीनं पिशवी उपडी केली. तिची बोटं भराभर चालायला लागली. मोठे डावीकडे, तीन खुंट्यांचे मधे, दोन खुंट्यांचे उजवीकडे. उजवीकडचा ढीग वाढत गेला. मग बोटं मंदावली, आणि एकाच तुकड्याची कड ती पुन्हा पुन्हा चाचपू लागली.

"बाबा, थायमिन कुठं आहेत?"

"सगळे त्यातच आहेत की."

"हे सगळे यूरॅसिल आहेत. थायमिन एकही नाही. टेंगूळ कुठंय?"

"कसलं टेंगूळ?"

"थायमिनच्या कडेला टेंगूळ असतं. थायमिन आणि यूरॅसिल यांच्यात तेवढाच फरक असतो बाबा. मी नमुन्याला केलं होतं, मातीचं."

भुशात उडालेली ती गोळी मिस्त्रींना डोळ्यांसमोर लख्ख दिसली. तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "घासताना गेलं असेल."

"सगळ्यांचं?"

मिस्त्रींना खोटं बोलता येत नसे. सरावच नव्हता. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, माती चिकटून राहिलीय. तुला दिसलं नसेल, म्हणून मी काढून टाकली. आणि तोच तुकडा दोनदा झालाय असं वाटलं."

"मग मला विचारलं का नाहीत? मी इथंच होते, या भिंतीच्या अलीकडे."

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"आणि आता मला काय वाटतंय?"

बबी ओरडली असती, पिशवी फेकली असती तर परवडलं असतं. तिनं तुकडे एकेक करून पिशवीत भरायला घेतले, ते मिस्त्रींना जास्त लागलं. भरता भरता म्हणाली, "डोळे गेलेत माझे. बोटं शाबूत आहेत. मी काय घडवलं ते मला कळतं बाबा."

तास दुपारच्या सुट्टीनंतर होता. मिस्त्री उठले, मागे जाऊन आले, पुन्हा बसले. शेवटी त्यांनी एक गोष्ट केली, जी करवत हातात घेतल्यापासून केली नव्हती. त्यांनी विचारलं.

"ते टेंगूळ एवढं महत्त्वाचं का असतं?"

बबी आधी फुरंगटून बोलली. पण विषय तिचा जिवाभावाचा, त्यामुळे दोन वाक्यांत आवाजातला रुसवा पातळ झाला. "टेंगूळ म्हणजे काय, तर एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन. एवढुसंच. थायमिनला ते असतं, यूरॅसिलला नसतं, बाकी दोघं सारखे. ॲडेनिनशी दोघांचंही जमतं. मग डीएनएनं टेंगूळवाला का ठेवला? कारण सायटोसिन. तो तीन खुंट्यांचा आहे ना, त्याची वरची खुंटी कधी कधी आपसूक गळते. कुणी काही करावं लागत नाही, नुसत्या पाण्यात राहून गळते. आणि गळली की उरतो तो यूरॅसिल, हुबेहूब. समजा डीएनएत मुळातच यूरॅसिल वापरले असते, तर त्यातला अस्सल कुठला आणि बिघडलेला सायटोसिन कुठला, हे पेशीला कसं कळणार? म्हणून अस्सलाला टेंगूळ. पेशीचे दुरुस्ती करणारे शिडीवरून फिरत असतात. गुळगुळीत सापडला की समजायचं, हा इथला नव्हे, काढा."

"म्हणजे खूण केलीय," मिस्त्री म्हणाले. "आम्ही सांध्यांवर पेन्सिलीनं करतो तशी. ती पुसली तर कुठली फळी कुठं बसवायची त्याचा पत्ता लागत नाही."

"तुम्ही ती पॉलिश पेपरनं पुसलीत."

"नखानं उडवली," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. आता खरं बोलायचं तर पुरतंच बोलावं.

गिरमिट, कानस, हातोडी, करवत आणि बारीक गोल दांडी असा सगळा संसार पिशवीत कोंबून ते बबीबरोबर बसमध्ये बसले. वाटेत त्यांनी तीनतीनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाले, "चुकलो बबे."

"आधी टेंगळं लावा," बबी खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "मग सावकाश चुका."

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला होता. मिस्त्रींचा जीव पुरता नाही, पण निम्मा भांड्यात पडला.

वर्ग मोठा, हवेशीर होता. मधोमध लांब टेबल, भोवती बाकं. फळा होता, पण त्यावर कुणी कधी लिहिल्याचं चिन्ह नव्हतं. मिस्त्री खिडकीखाली स्टुलावर बसले आणि कामाला लागले. दांडीचा तुकडा कापायचा, कानशीनं डोकं गोल करायचं, लाकडात गिरमिटानं भोक पाडायचं, टेंगूळ ठोकून घट्ट बसवायचं. दिसायला सोपं, पण तुकडे छोटे, लाकूड मऊ. जरा घाई केली की कड फुटणार. एक फुटलाच. मिस्त्रींनी घाम पुसला आणि वेग कमी केला. सुट्टी संपल्याची घंटा वाजली तेव्हा निम्मे थायमिन झाले होते आणि निम्मे अजून गुळगुळीत होते.

एरवी मिस्त्री सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले असते, आमच्या पोरीचा तास उद्या ठेवा म्हणून गळ घालून, सगळं ठरवून मोकळे झाले असते. पाय त्या दिशेला वळलेही. मग ते थांबले. "बबे, निम्मे राहिलेत. उद्या घ्या म्हणून सांगू का बाईंना?"

बबीनं क्षणभर विचार केला. "नको. जे झालेत ते द्या. आणि जे नाही झाले, तेही द्या."

"ते कशाला?"

"आणि तुम्ही उठू नका. गिरमिट हातातच ठेवा."

तिनं टेबलावर शिडी मांडायला घेतली. दोन लांब पट्ट्या, मधे जोड्या. टेंगूळवाले बसवले, त्यांच्यात मधेच गुळगुळीतही बसवले. मिस्त्रींना काही उमगेना. एवढी पॉलिशची पुटं चढवली, आता पोरगी सगळ्यांसमोर हसं करून घेणार, आणि ते आपल्यापायी. त्यांना स्टुलावर बसवेना.

मुलं आली. दारातून आत येतानाच त्यांना लाकडाचा वास लागला आणि कलकलाट सुरू झाला. पाठोपाठ मोठ्या बाई आल्या, म्हटल्याप्रमाणे मागच्या बाकावर बसल्या आणि हाताची घडी घातली. बबीनं एकदा टेबलाच्या कडेला हात टेकला. आवाज पहिल्या वाक्याला कापरा होता, दुसऱ्याला नव्हता.

खिडकीखाली बसलेल्या मिस्त्रीकाकांनी हे तुकडे केलेत असं सांगून तिनं शिडी समजावली, जोड्या समजावल्या, टेंगूळ सांगितलं. मग म्हणाली, "ही डीएनए आहे असं मी म्हणते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. हात फिरवा आणि तपासा."

टेबलाभोवती हातच हात झाले. मिस्त्रींनी आयुष्यभर लाकडावर हात फिरवले होते, पण असे हात त्यांनी पाहिले नव्हते. घाई नाही, गोंधळ नाही, बोटं प्रत्येक कडेवरून चालत होती.

"ताई, हा मोठा, दोन भोकांचा. ॲडेनिन."

"त्याच्यासमोर?"

"छोटा. टेंगूळ आहे. थायमिन!"

पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी होती, तिला सगळा वर्ग वकीलबाई म्हणायचा. ती ओरडली, "ताई, इथं ॲडेनिनसमोर गुळगुळीत आहे! टेंगूळच नाही. मिस्त्रीकाकांनी लबाडी केली!"

वर्ग हसला. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागच्या बाकावर मोठ्या बाई किंचित पुढे झुकल्या.

"बरोबर पकडलंस," बबी म्हणाली. "पेशी शिडी बांधते तेव्हा तिच्या हातूनही असं होतं. थायमिनच्या जागी यूरॅसिल उचलला जातो, कारण ॲडेनिनला दोघंही चालतात. आणि गुळगुळीत आत येण्याची दुसरी वाट याहून लबाड आहे." तिनं एका मुलाचा हात धरून सायटोसिनवर ठेवला. "वरची खुंटी ओढ. आली? आता काय उरलं?"

मुलानं चाचपलं. "दोन खुंट्या. टेंगूळ नाही. अरे! हा तर यूरॅसिल झाला."

"झाला. आता मला सांगा, डीएनएत सगळीकडे थायमिनऐवजी यूरॅसिलच वापरले असते, तर हा बिघडलेला तुम्ही ओळखला असता?"

वकीलबाईंनी बोटं पुन्हा एकदा शिडीवरून नेली. "नसता ओळखला. सगळेच गुळगुळीत असते, मग कुणावर संशय घेणार?"

"आणि टेंगूळ असल्यामुळे?"

"गुळगुळीत लागला की तोच चोर!"

"मग काढा चोर. खऱ्या पेशीत तो कापून टाकतात आणि त्या जागी नवा बसवतात. आपल्याकडं लाकूड कमी आहे, म्हणून आपण हाच दुरुस्त करू. सापडला की मिस्त्रीकाकांकडं न्या. समोर कोण होता ते लक्षात ठेवा, नाहीतर दुरुस्ती चुकेल."

यानंतर वर्गात जे चाललं त्याला तास म्हणावं की बाजार, हा प्रश्नच होता. मुलं शिडीवर तुटून पडली. चोर सापडला की आरोळी उठायची आणि दोन-तीन जणं एकमेकांच्या खांद्याला धरून खिडकीपाशी यायची. मिस्त्रींना मान वर करायला फुरसत नव्हती. एक मुलगा तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, लावा."

मिस्त्रींनी सवयीनं गिरमिट टेकवलंसुद्धा. मग हात आखडता घेतला. दिसायला हा बाकीच्यांसारखाच होता. त्यांनी विचारलं, "याच्यासमोर कोण होता रे? टेंगूळ बसवू की खुंटी?"

"ग्वानिन होता!"

"मग खुंटी!" मागून पोरं ओरडली. मिस्त्रींनी तिसरी खुंटी बसवली आणि सायटोसिन पुन्हा सायटोसिन झाला. विचारलं नसतं तर चांगल्या सायटोसिनचा थायमिन करून बसले असते, आणि वर हौसेनं पॉलिशही मारलं असतं.

"पेशी थायमिन बनवते तोही असाच बरं का," बबी टेबलापाशी सांगत होती. "आधी गुळगुळीत करते, मग टेंगूळ बसवते. काका तेच करतायत."

"पण ताई," वकीलबाईंचा हात वर होता, "आरएनएतला सायटोसिनही बिघडत असेलच ना? मग आरएनएला का नाही टेंगूळवाला?"

मिस्त्रींनी हातोडी थांबवली. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता, आणि उत्तर पोरीला येतं की नाही याची त्यांना धास्ती वाटली. बबी मात्र हसली. तिला हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं सकाळपासून वाटत होतं, हे तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

"बिघडतो, तोही बिघडतो. पण आरएनए ही कामापुरती काढलेली नक्कल. काम झालं की मोडून टाकायची, दुसरी काढायची. तिच्यात एखादी चूक निघाली तर नक्कल जाते, मूळ प्रत राहते. टेंगूळ बसवायला पेशीला कष्ट पडतात, सामान लागतं. ते कष्ट जे जपून ठेवायचं त्याच्यावर घ्यायचे. आरएनए थोडा वेळ जगते, तिला गुळगुळीत चालतं."

वकीलबाईंनी थोडा विचार केला आणि निकाल दिल्यासारखं म्हटलं, "पटलं."

मोठ्या बाई उठून टेबलापाशी आल्या. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि शिडीवरून हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आता एकही गुळगुळीत नाही."

"आहे बाई!" तीन-चार आवाज एकदम आले. "एक राहिलाय. मुद्दाम ठेवलाय आम्ही!"

मोठ्या बाई आधी चपापल्या आणि मग मोकळ्या हसल्या. मुलांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मिस्त्री स्टुलावर बसून बबीकडे बघत होते. मुलांच्या गराड्यात ती उभी होती, केसात भुसा, गालावर घामाचा ओघळ, आणि चेहरा असा काही उजळलेला की त्यांना भडभडून आलं. ही आपली पोर आहे, आणि हिला आपण टेबलाच्या कोपऱ्यापासून वाचवत बसलो होतो, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. चहा सांगितला. बबी खुर्चीच्या पुढच्या काठावर बसली होती. मोठ्या बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "वर्ग तुझा," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून घे."

बबीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मिस्त्रींना उठून नाचावंसं वाटलं, पण वय आड आलं.

"एक गोष्ट मात्र आहे," मोठ्या बाई पुढे म्हणाल्या, आणि बोलता बोलता मिस्त्रींकडे वळल्या. "विज्ञानाच्या बाईंकडे आमच्याकडं मुलींच्या वसतिगृहाचंही काम असतं. वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे, तिथंच राहावं लागतं. जिने आहेत, सगळं आपलं आपण बघायचं. आतापर्यंत ही तुमच्याजवळच राहिलेली. मिस्त्री, तुमचं काय म्हणणं? राहील का ती एकटी?"

मिस्त्रींना हे ठाऊक नव्हतं. बबीला ठाऊक असावं, कारण ती मान खाली घालून बसली होती. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर रिकामं घर आलं, संध्याकाळी दार उघडून आत जायचं आणि हाक मारायला कुणी नाही. उत्तर जिभेवर तयारच होतं. 'ते काही जमायचं नाही बाई, ती येऊन जाऊन करेल.' एवढं म्हटलं की झालं. आजवर असंच झालं होतं, आणि बबीनं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

पदराशी चाळा करणारी बबीची बोटं थांबली होती.

"मला काय विचारता बाई," मिस्त्री म्हणाले. "ती इथंच बसलीय. तिला विचारा."

अख्खा तास न अडखळता बोललेली बबी आता शब्द शोधत होती. मोठ्या बाई खुर्चीत वळल्या आणि त्यांनी तिला विचारलं, "येशील राहायला?"

"मला यायचंय," बबी म्हणाली. "खूप दिवसांपासून यायचंय." मग तिनं मिस्त्रींच्या दिशेला तोंड फिरवलं. "बाबा, तुम्हाला चालेल ना?"

'हो हो' म्हणायला मिस्त्रींना काही लागलं नसतं.

"नाही चालणार," ते म्हणाले. "मला अजिबात करमणार नाही. पण तू ये इथं."

बबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि त्यातच ती हसली. तिला वाईट वाटेल असं काही बाबांनी आडपडदा न ठेवता तिच्या तोंडावर सांगितल्याची ही पहिलीच वेळ होती.